दत्तोबाने बसवलेला थर्मोस्टॅट

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. एक कोपऱ्यातलं भंगार आणि दुसरे किस्से. भंगार निदान भंगारवाला कधीतरी नेतो. किस्से कोणी नेत नाही, ते आपल्याच डोक्यात पडून राहतात आणि चार मित्र जमले, चहा आला, की बाहेर पडतात. माझ्याकडचे बहुतेक दत्तोबा मिस्त्रीचे आहेत.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. चिंचवडला मुंबईच्या रस्त्याला लागून एक पत्र्याचं गॅरेज होतं, तिथं मी फिटर होतो. कारखाने नुकते कुठे येऊ लागले होते, बाकी रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतंच. मालकांना सगळे शेठ म्हणत. दत्तोबा आमचा हेडमिस्त्री. बायको आणि तीन पोरं घेऊन साताऱ्याकडून आलेला. गावाकडे परत जावं असं काही उरलं नव्हतं, जे काय होतं ते ही नोकरी. तरी त्याचं आणि शेठचं महिन्यातून एकदा वाजायचंच.

वाजायचं ते थर्मोस्टॅटवरून. इंजिन आणि रेडिएटरच्या मधे, पाण्याच्या वाटेवर बसणारं ते एक लहानसं पितळी झाकण. इंजिन गार असेतोवर ते बंद राहतं आणि आतलं पाणी लवकर तापतं. पुरेसं तापलं की झाकण उघडतं आणि पाणी निवायला रेडिएटरमध्ये जातं. एवढंच त्याचं काम.

शेठचा कायदा मात्र साधा होता. गाडी आली की थर्मोस्टॅट काढायचा आणि फेकून द्यायचा. त्या काळी आजूबाजूच्या सगळ्याच गॅरेजांत हेच चालायचं, त्यामुळे शेठना वाटे आपण शास्त्राप्रमाणे वागतोय.

"विलायतेत बर्फ पडतं म्हणून त्यांनी ते बसवलंय. इथं काय पडतं? धूळ!"

एका गिऱ्हाइकानं भीत भीत विचारलं, "शेठ, काढल्यावर पुढे काही बिघडणार नाही ना?"

"अहो, काढलेली वस्तू बिघडते कशी?" शेठ म्हणाले.

शेठनी फेकलेला थर्मोस्टॅट दत्तोबाने उचलला, फडक्यानं पुसला आणि आपल्या डब्यात टाकला. त्या डब्यात असे पुष्कळ होते.

*

चिखलीच्या एका पाटलांनी देहूरोडच्या लष्करी लिलावात जुनी लॉरी घेतली होती. तिचाही थर्मोस्टॅट शेठनी काढून टाकलेला. पाटील पहाटे भाजी घेऊन पुण्याला निघायचे, आणि थंडीच्या दिवसांत लॉरी दापोडीपर्यंत नुसती ठसकत जायची. इंजिन तापायचंच नाही. मग पाटलांनी आपल्या अकलेनं रेडिएटरवर गोणपाट बांधलं. लॉरी सुतासारखी सरळ झाली.

एक दिवस दुपारी परत येताना ते गोणपाट तसंच राहिलं. लॉरी आमच्या दारात आली ती बैलजोडीमागून.

"पाटील, हे गोणपाट कशाला?" दत्तोबाने विचारलं.

"थंडीत बैलावर झूल टाकतूच की आमी."

"मग उन्हात काढली का नाही?"

"बैल अंग झाडतोय, कळतंय. ही बोलत न्हाई, झाडत न्हाई, येकदम वाफच सोडती."

दत्तोबा शेठकडे वळला. "बघा शेठ. झूल वेळेवर घालणारा आणि वेळेवर काढणारा गडी, म्हणजेच थर्मोस्टॅट."

शेठ म्हणाले, "मग पाटलांना सांग, एक गडी ठेवा."

*

आमच्या गावातल्या डॉक्टरांकडे युद्धाआधीची एक मोठी काळी विलायती गाडी होती. चाकणपासून तळेगावपर्यंत ते तिच्यातून पेशंट बघत हिंडायचे. शेठचा हात तिच्यावरूनही फिरलेला. "पेशंटपेक्षा माझी गाडी जास्त खोकते हो," असं ते दत्तोबाला म्हणाले आणि दत्तोबाने मनाशी ठरवून टाकलं. शेठना न विचारता.

डब्यात त्या गाडीला बसतील असे दोन थर्मोस्टॅट निघाले. दोन्हींवर एकशेसाठ डिग्री फॅरनहाइटचाच छाप. एक जुनाट, काळवंडलेला. दुसरा लखलखीत. मी झटकन लखलखीत उचलला.

"थांब," दत्तोबा म्हणाला. "उघडतो कधी ते आधी बघू."

स्टोव्हवर पातेल्यात पाणी ठेवलं. आता पाणी किती तापलं ते कळणार कसं? मी फार हुशार. धावत दवाखान्यात गेलो आणि कंपाउंडरकडून डॉक्टरांचा थर्मामीटर मागून आणला. ताप बघायचा! पातेल्यात घातला मात्र, टच्चकन आवाज झाला आणि पारा तळाशी जाऊन बसला.

ते पातेलं आम्ही पुरून टाकलं, आणि तोंड पाडून डॉक्टरांसमोर उभे राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एवढा ताप चढलेल्या पेशंटला थर्मामीटर लावत नाहीत," ते म्हणाले. "भटजीला बोलावतात."

*

पिंपरीला तेव्हा औषधाचा कारखाना उभा राहिला होता. तिथल्या साने नावाच्या केमिस्टकडे प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर होता. साने कोकणातले, माणूस भला, पण वस्तूच्या बाबतीत कडक. माझ्या पराक्रमाची वार्ता त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. थर्मामीटर द्यायला ते तयार झाले, पण स्वतः बरोबर आले, सायकलवर, थर्मामीटर छातीशी धरून.

"मी धरणार. तुम्ही हात लावायचा नाही. पातेल्यालासुद्धा नाही."

नव्या पातेल्यात दोन्ही थर्मोस्टॅट तारेला टांगले. साने आकडे वाचू लागले. एकशेपन्नास. एकशेपंचावन्न. एकशेसाठला काळवंडलेल्याचं झाकण हळूच उचललं गेलं. लखलखीत ढिम्म. एकशेऐंशी झाले, दोनशे झाले, पाणी खळखळायला लागलं तरी हा मिटलेलाच! तो बसवला असता तर डॉक्टरांचं इंजिन मी स्वतःच्या हातानं शिजवलं असतं.

"पत्रिका दोघांची एकच," दत्तोबा म्हणाला. "पण एक वेळेवर उठतो आणि एक उठतच नाही."

सान्यांनी थर्मामीटर पुसला आणि माझ्याकडे पाठ करून खिशात ठेवला.

*

गाडीचा खोकला गेला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण डॉक्टरांना चांगलं बोलल्याशिवाय राहवत नसे. ते मुद्दाम गॅरेजवर आले आणि शेठना म्हणाले, "तुमच्या दत्तोबानं ते झाकण परत बसवलं आणि गाडी काय सुधारली हो!"

शेठचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"रविवारी बोरघाट," ते दत्तोबाला म्हणाले. "मी स्वतः गाडीत बसणार. चढावर पाणी उकळलं तर सोमवारपासून यायचं नाही."

"आणि नाही उकळलं तर?"

"तर सोमवारी ये."

"म्हणजे जिंकलो तरी आहे तिथंच," दत्तोबा म्हणाला. पण हसला नाही.

मला त्याच्या पोरांचे चेहरे दिसायला लागले. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "शनिवारी गुपचूप काढून टाकू. कोणाला कळतंय?"

"काढला तर शेठ जन्मभर काढतच बसतील," तो म्हणाला आणि पान्हे पुसायला लागला. मला त्याचा राग आला, आणि अभिमानही वाटला.

*

रविवारी आम्ही घाट उतरून खोपोलीला गेलो, चहा घेतला आणि गाडी चढाला लावली. पुढच्या लांब सीटवर तिघं बसले होते. डॉक्टर गाडी चालवत होते, मधे शेठ, दाराशी दत्तोबा. मागे मी.

शेठची नजर डॅशबोर्डवरच्या पाण्याच्या काट्यावर खिळलेली. वळणावळणावर बॉनेट उघडून वाफ सोडत गाड्या उभ्या होत्या आणि माणसं बादल्या घेऊन पळत होती. आमचा काटा बरोबर मधोमध होता.

"मोठं वळण येऊ दे," शेठ म्हणाले.

मोठं वळण आलं आणि गेलं. काटा मधोमध.

दत्तोबाने डोळे मिटले होते. एक चप्पल काढून उघडा पाय त्याने समोर, इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला लावलेला.

"पाय खाली घे. डॉक्टरांची गाडी आहे," शेठ खेकसले. पाय तिथंच राहिला.

खंडाळा आलं. शेठनी स्वतः उतरून बॉनेट उघडलं. वाफेचा टिपूस नाही. ते परत येऊन बसले.

"काटा एका रेघेनं हलला नाही, हे मात्र मानलं," ते म्हणाले.

"कोणता? तो?" डॉक्टर म्हणाले. "अहो, तो तीन वर्षं झाली तिथंच आहे. मला वाटलं तुम्ही शेजारचं घड्याळ बघताय."

शेठ सावकाश दत्तोबाकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"होय शेठ."

"आणि झोपलास?"

दत्तोबाने पाय वर करून तळवा दाखवला. लालबुंद झाला होता. "झोपलो कुठं? सोसवेना झालं असतं तर गाडी थांबवली असती."

लोणावळा गेलं, कामशेत गेलं. वडगावच्या पुढे मी मागून बघितलं, तर शेठ खाली वाकून काहीतरी करत होते. आधी बुटाची नाडी सोडली. मग बूट काढला. मग मोजा.