मॅडमच्या नकाशातलं पाणी

चार ठिकाणचा डेटा एकत्र केला की नकाशा कधी तयार होईल ते सांगता येत नाही, किस्से मात्र लगेच तयार होतात! राहुरीत आमचं तिघांचं ऑफिस: कुलकर्णी मॅडम, कोल्हारचे बाळासाहेब आणि मी. उपग्रहाचा पाऊस, सरकारी विहिरींची पातळी, खडकांचे नकाशे, जे जे खुलं आणि फुकट मिळेल ते एकावर एक ठेवायचं आणि जमिनीत पाणी कुठे असेल ते शोधायचं, हा आमचा उद्योग.

\*

पहिल्याच नकाशात कोल्हारचं देऊळ प्रवरा नदीच्या मधोमध गेलं! दोन नकाशांची मोजायची पद्धत वेगळी, त्यामुळे अख्खं गाव सरकलं होतं.

"मॅडम, आमचं घर पन भिजलं की!" बाळासाहेब हादरले.

"मग आधी घर बाहेर काढा, चहा नंतर."

\*

केडगावची विहीर त्याहून वरचढ. एका खात्याने पाणी जमिनीपासून खाली मोजलेलं, दुसऱ्याने समुद्रसपाटीपासून वर. आम्ही दोन्ही आकडे एकत्र ओतले आणि पाणी थेट आभाळात!

मी केडगावचा. मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे बादली वर फेकतात का हो?"

\*

एकदा तारखांमधले दिवस-महिने उलटे वाचले गेले. जूनचा पाऊस डिसेंबरात पडला.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," बाळासाहेब म्हणाले, "ज्वारीला एक पानी तरी मिळंल!"

\*

पण डोंगराकडच्या एका गावात हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं. टँकरवर जगणारं गाव, आणि बोअर एकच होणार होती. जमिनीतलं पाणी सांगणारे गावचे पाणाडे नामदेवबाबा तळहातावर नारळ धरून फिरले; नारळ सरपंचांच्या मळ्यात उभा राहिला, म्हणजे पाणी तिथेच. आमचा नकाशा दाखवत होता शाळेमागचा माळ.

"तितं कुसळं धड येत न्हाईत, पानी कुठलं?" बाबा ग्रामसभेत कडाडले.

मॅडम उठल्या. "कोरडी गेली, तर नोकरी सोडून तुमच्याकडे नारळ धरायला शिकेन, बाबा!"

गावाने मॅडमचं ऐकलं. मशीन सुरू झालं आणि बराच वेळ नुसता फुफाटा उडाला. बाळासाहेब नवस बोलायला लागले.

आणि पाणी उसळलं! बायका हंडे घेऊन धावल्या. मॅडम भिजल्या, रडल्यासुद्धा. आपल्या ऑफिसचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

\*

पुढच्या आठवड्यात नामदेवबाबा राहुरीला ऑफिसात हजर. भांडायला आले असणार, म्हणून बाळासाहेबांनी आधी पाणी दिलं. बाबांनी पिशवीतून नवाकोरा मोबाईल काढून मॅडमपुढे ठेवला.

"तुमचा नकाशा कुनालाबी फुकट हाय म्हनं?"

"हो बाबा. कुणीही घ्यावा."

"मंग घाला ह्याच्यात."

"आणि नारळ?"

"त्यो हातात धरावाच लागंल. मोबाईलवर लोकांचा इस्वास न्हाई!"