मागल्या दारचं गाऱ्हाणं

भाट्याला आम्ही भाड्यानं राहतो त्या घराला दोन दारं आहेत. पुढलं मालकांचं, मागलं आमचं. मालक म्हणजे मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले एक काका आणि त्यांच्या दमेकरी काकी. शिमग्याला आणि गणपतीला ते यायचे आणि सण झाला की पुढल्या दाराला कुलूप लावून परत जायचे. मधल्या काळात घर झाडायचं, पावसाआधी कौलं शाकारून घ्यायची, विहिरीत कचरा पडू द्यायचा नाही, हे आमच्याकडे. भाड्याचा कागद असा कधी झालाच नाही. काका म्हणाले होते, "ऱ्हावा," आणि आम्ही राहिलो.

साथ आली त्या मे महिन्यात काका, काकी आणि त्यांचा मुलगा पास मिळवून गावी आले. ग्रामपंचायतीनं त्यांना पुढल्या दाराच्या आतच राहायला सांगितलं. मग मी अंगणात मधोमध एक जांभ्याचा चिरा ठेवला. त्याच्यावर जेवण ठेवायचं, हाक मारायची आणि मागे सरायचं. काकी पदर तोंडाला लावून यायच्या आणि घेऊन जायच्या. भांडं रिकामं परत करायची त्यांना सवय नाही, पण घरात देण्यासारखं काही नव्हतं. मग वाटीत जास्वंद यायची. माझीच जास्वंद तोडून मलाच परत, पण मला ते आवडायचं.

भीती मात्र दोन्हीकडे सारखी होती. ते मुंबईहून आलेले म्हणून आम्ही त्यांना भ्यायचो, आणि माझा नवरा औषधाच्या दुकानात कामाला म्हणून ते आम्हांला. दिवसभर खोकणाऱ्यांना गोळ्या देणारा माणूस संध्याकाळी मागल्या दारानं आपल्याच घरात शिरतो, हे काकींच्या काही केल्या पचनी पडत नव्हतं.

एका सकाळी काका पडवीत उभे राहिले आणि माडाच्या शेंड्याकडे बघत मला म्हणाले, "बाय, मुलाचं काम आता घरातनंच चालणार. त्याला मागची बाजू लागंल. हिचा दमा पन हाय. पाऊस लागायच्या आत दुसरीकडं बघा."

मला असा राग आला की त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडलं, आणि ती आमटी मी तशीच चिऱ्यावर नेऊन ठेवली. नवरा गावभर फिरला. एरवी चार ठिकाणी जागा मिळाली असती, पण त्या दिवसांत पाहुण्याला कुणी उंबऱ्यात घेत नव्हतं, भाडेकरूची काय कथा. त्यातून औषधाचं दुकान म्हटलं की लोक दोन पावलं मागे जायचे. मी सामानाची बोचकी बांधायला घेतली आणि अर्ध्यावर सोडून दिली. बांधून न्यायची कुठे, हेच ठरत नव्हतं.

अशात जूनच्या सुरुवातीला वादळाची बातमी आली. होड्या वर ओढल्या गेल्या. रिक्षावरचा भोंगा ओरडत फिरू लागला की कच्च्या घरातल्यांनी शाळेत जावं. शाळेत तर आधीच मुंबईहून आलेली माणसं वेगळी ठेवलेली. दोन महिने भोंगा घराबाहेर पडू नका म्हणत होता, आता तोच घराबाहेर पडा म्हणत होता. नवरा म्हणाला, "आधी त्यांनी आपसात ठरवावं." तो जाळ्याच्या दोऱ्यांनी आमच्या बाजूचे वासे आवळत बसला. आमची बाजू जुनी, भिंती मातीच्या. चिऱ्याच्या जाड भिंती आणि वर लाकडी माळा, असं भक्कम फक्त मालकांचं माजघर. तिकडे जायचं एक दार आमच्या स्वयंपाकघरात होतं, पण ते कित्येक वर्षं बंद. आमच्या बाजूनं भांड्यांची मांडणी, त्यांच्या बाजूनं भाताची कणगी.

वादळाच्या दिवशी सकाळी वारा वाढायला लागला तशी पलीकडून कणगी सरकवल्याचा आवाज आला. मग काकांचा आवाज आला, "मांडणी बाजूला घ्या. हिकडं या."

दार उघडलं. काकी नाकातोंडाला पदर गुंडाळून उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातांवर सॅनिटायझर ओतला आणि समाधान झालं नाही म्हणून पायांवरही ओतला. मध्ये खाट आडवी टाकली. खिडकीकडे आम्ही, देव्हाऱ्याकडे ते.

मग काका नारळ घेऊन देवासमोर उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे गाऱ्हाणं एकट्यानं होत नाही. एकानं देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी दर मागण्याला होकार भरायचा. काकांचं पहिलं मागणं झालं आणि ते थांबले. मुलगा मुंबईत वाढलेला, त्याला काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. काकींचा श्वास अडकलेला. शेवटी खाटेच्या अलीकडून, मास्कच्या आतून, माझा नवरा म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मी मनातून काकांवर चिडलेलीच होते. पण गाऱ्हाणं अर्धं लोंबकळत ठेवणं बरं दिसत नाही. दुसऱ्या मागण्याला मीही होकार भरला.

"हा जो काय आजार आलाय, तो दर्याच्या पलीकडं घालव."

"व्हय म्हाराजा."

"पुढल्या दारची, मागल्या दारची मानसं, गुरंवासरं, ह्याच दारात सुखानं नांदव."

"व्हय म्हाराजा," मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की काकींनी चमकून बघितलं. घरात गुरं नव्हतीच, गोठा रिकामा होता. काकांच्या वडिलांच्या वेळचं हे गाऱ्हाणं, तोंडात बसलेलं, ते जसंच्या तसं बाहेर पडत होतं.

नारळ फुटला आणि वादळ आलं. आमच्या बाजूची कौलं जाताना ऐकू येत होती. मी कानांवर हात ठेवले. काकींना दम लागला तेव्हा मी थर्मासमधलं गरम पाणी खाटेवर ठेवलं आणि मागे सरले. चिऱ्याची सवय झाली होती. त्यांनी ते घेतलं आणि पेला परत करताना आत खडीसाखरेचा खडा टाकला.

दुपारनंतर वारा पडला. आमच्या स्वयंपाकघरातून वर बघितलं तर थेट आभाळ. मला वाटलं, झालं, आता निघायला आणखी एक कारण मिळालं. पण दुसऱ्या दिवशी उजाडता काका माझ्या नवऱ्याला घेऊन छपरावर चढले. रिकाम्या गोठ्यावरची चांगली कौलं उतरवून ते आमच्या बाजूला लावायला लागले. मुलगा खालून कौलं देत होता. वीज नव्हती, रेंज नव्हती, त्यामुळे त्याला मीटिंगला कुणी बोलावत नव्हतं आणि तो भलताच खूश दिसत होता.

मी शिडी धरून उभी होते. राहवेना म्हणून विचारलं, "काका, आम्हांला जायचंय ना? मग आमची बाजू आधी कशाला?"

"जाशील कुटं?" काका वरूनच म्हणाले. "मागल्या दारची मानसं ह्याच दारात नांदव, म्हणून मागितलंय मी. मानसंच गेली तर देव इचारंल, कोणासाठी मागितलंस?"

अंगणातून काकी म्हणाल्या, "सवयीनं बोलून गेलात. गुरं पण मागितलीत, ती कुठं आहेत?"

काकांनी हातातलं कौल नीट बसवलं. "गुरांनी होकार नव्हता भरला," ते म्हणाले. "ह्यांनी भरला."

मी शिडी सोडली नाही, पण मला रडू आलं. मास्क होता ते बरं झालं.

पुढे आजार काही आमच्या दोन्ही दारांत शिरला नाही. मुलानं पडवीत टेबल मांडून काम केलं आणि रेल्वे सुरू झाल्यावर तिघं मुंबईला गेले. कागद अजूनही झालेला नाही. आता दर जूनच्या आधी काकांचा फोन येतो. आम्ही तो देव्हाऱ्यासमोर ठेवतो, ते तिकडून मागतात, आम्ही इकडून होकार भरतो. गुरंवासरं ते अजून गाळत नाहीत.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही गोठा शाकारला आणि गाईची एक पाडी आणून बांधली. देवानं विचारलंच, तर काकांची पंचाईत नको.