कानसेनांच्या पाठीतली लहर

सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावरून: पदनाम, गळतीशोधक, श्रेणी दोन. विभाग, पाणीपुरवठा. उंची पाच फूट पाच इंच. ओळखीची खूण, उजव्या कानाच्या पाळीवर तीळ. श्रवणशक्ती, डावा कान उत्तम, उजवा कान अत्युत्तम. सदर कर्मचारी जमिनीखाली दीड मीटर खोलीपर्यंतची गळती कोणत्याही विद्युत उपकरणाविना केवळ कानाने शोधण्यास सक्षम असल्याचे प्रमाणित करण्यात येत आहे. सेवाकाळात निदर्शनास न आलेली गळती: निरंक.

'निरंक'खाली साहेबांनी लाल शाईने रेघ मारली होती. ती रेघ सदर कर्मचाऱ्याने घरी नेऊन बायकोला दाखवली. तिने चष्मा लावून पान वाचलं आणि विचारलं, "निदर्शनास आल्या नाहीत, तर मोजल्या कुणी?" नवऱ्याने पुस्तिका मिटून पिशवीत ठेवली.

गाणाऱ्याला तानसेन म्हणतात, तसं नुसतं ऐकणाऱ्याला कानसेन म्हणायची आपल्याकडे सोय आहे. त्यामुळे या गृहस्थांना बाहेर सगळे कानसेनच म्हणत. कामाला ते पहाटे निघायचे, रस्त्याला जाग येण्याआधी. खांद्यावर पोलादी कांब, तिच्या वरच्या टोकाला पितळेची वाटी. कांब रस्त्यावर टेकवायची, वाटीला कान लावायचा आणि गुडघ्यांवर बसून ऐकायचं. फिरायला निघालेल्या एका म्हाताऱ्याने एकदा थांबून विचारलं होतं, "काय म्हणतोय? ताप आहे का?"

या कामाची खुबी अशी की पाणी ऐकायचंच नसतं. नीट वाहणारं पाणी कानाआड करायचं आणि बिघडलं असेल तेवढंच ऐकायचं. एकतीस वर्षांत ही सवय कानसेनांच्या हाडीमाशी खिळली. तिनेच पुढे त्यांचा घात केला.

रविवारी दुपारी चार वाजता ते कप्तानांच्या घरी जात. कप्तानांनी आयुष्यात कधी जहाज हाकलं नव्हतं. ते जहाजावर विजेचं काम बघायचे. पण बोटीवरून उतरलेल्या माणसाला वायरमन म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. बंदराबंदरांतून त्यांनी एकेचाळीस तबकड्या गोळा केल्या होत्या, सगळ्या दक्षिण आफ्रिकेतल्या जॅझच्या. काही तिथेच मुद्रित झालेल्या, काही त्या देशातून परागंदा झालेल्या वादकांनी लांब थंडीतल्या शहरांत केलेल्या. कप्तानांच्या मागच्या खोलीत एका लाकडी पेटीत त्या उभ्या रचलेल्या असत, आणि पेटीभोवती चौघं बसत: कप्तान, कानसेन, चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणजे चश्मेवाले, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई.

वादकांना तिथे त्यांच्या खऱ्या नावांनी कुणी ओळखत नसे. सुरुवातीला तसा प्रयत्न झाला होता. पण त्यांतल्या काही नावांत जीभ टाळूवर आपटून 'टॉक्' असा आवाज काढावा लागतो, आणि दुसऱ्याच रविवारी त्या 'टॉक्'बरोबर चश्मेवाल्यांची कवळी बशीत पडली. तेव्हापासून मंडळींनी आपली नावं ठेवली. प्रत्येक सूर ऐरणीवर ठेवून ठोकणारा सॅक्सोफोनवाला तो लोहार. डाव्या हाताने चर्चमधली प्रार्थना आणि उजव्या हाताने गल्लीतलं भांडण वाजवणारी पियानोवाली ती मावशी. आणि सूर लावण्याआधी जगाचं ओझं उतरवून ठेवल्यासारखा श्वास सोडणारा ट्रम्पेटवाला तो उसासा.

खेळ असा: कप्तान पडद्यामागे जाऊन एक तबकडी लावत, पिन कुठेही मध्येच टेकवत, आणि कोण वाजवतंय ते बाकीच्यांनी ओळखायचं. जो आधी ओळखेल, तो पुढच्या रविवारी गादीच्या खुर्चीत बसणार. खोलीत गादीची खुर्ची एकच होती, पेटीला लागून, भिंतीला पाठ टेकून. बाकीच्या लाकडी. गेली अकरा वर्षं, दोन-चार रविवार सोडले तर, त्या खुर्चीत कानसेनच होते. पिन टेकून दोन सेकंद होत नाहीत तोच ते डोळे मिटून म्हणत, "लोहार. दुसरी बाजू, तिसरं गाणं." बाई नेहमी उशिरा ओळखायच्या. त्यांना गाणं संपेपर्यंत ऐकायची खोड होती.

खुर्चीत बसून कानसेन समजावूनही सांगत. लोहाराच्या त्या गाण्यात ड्रमवाला दर दोन सेकंदांनी काठीची एक हलकी टिचकी देतो, ती ऐका, म्हणत. अशी टिचकी द्यायला जन्म घालवावा लागतो. उसाशाच्या रेकॉर्डमागे एक बारीक 'सूं' ऐकू येते, ती तिकडच्या स्टुडिओच्या पत्र्याच्या छपरावर पडणाऱ्या पावसाची. आणि उसासा वाजायला लागला की, ते आवाज खाली आणून सांगत, "माझ्या पाठीतून एक थंड लहर जाते. मानेपासून कमरेपर्यंत."

चश्मेवाल्यांना या लहरीचा फार हेवा वाटायचा. त्यांनीही डोळे मिटून पाहिलं, श्वास रोखून पाहिला. लाकडी खुर्चीत त्यांच्या पाठीतून काहीही गेलं नाही. बाईंना एकदा त्यांनी खाजगीत विचारलं, तुम्हाला जाते का हो? बाई म्हणाल्या, मला रडू येतं, पण ते मी घरी जाऊन बघते.

मग कप्तान गेले. आठ महिने ती खोली बंद राहिली. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, घर आवरून लेकीकडे जायचं ठरवलं, तेव्हा कप्तानांच्या टेबलाच्या खणात एक चिठ्ठी निघाली: "ज्याचा कान खरा, त्याची पेटी." वहिनींनी तिघांना निरोप धाडला, येत्या रविवारी काय तो निकाल लावून टाका.

निकाल काय लागणार याबद्दल कानसेनांना शंका नव्हती. त्यांनी टेपने मोजून घरातल्या कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केला, फडक्याने पुसला, आत कागद घातला. बायको म्हणाली, "बाजारात तुरी." एवढंच म्हणून ती थांबली, म्हणीचा उरलेला भाग तीस वर्षांच्या संसारात म्हणावा लागत नाही. पण त्यांना ती पेटी खरोखरच हवी होती. रस्त्यावर त्यांच्या कानाचं कौतुक करायला कुणी नसे. गळती सापडली की कामगार खणत, नळ जोडत, आणि लोक रस्ता खणला म्हणून शिव्या देत. त्यांच्या कानाला मान होता तो फक्त त्या खोलीत.

रविवारी वहिनींनी सांगितलं की रेकॉर्ड प्लेअर खोक्यात बांधून झालाय. लेकीने तीच गाणी कुठूनशी मोबाईलवर पाठवली होती, आजच्या पद्धतीने धुऊनपुसून लख्ख केलेली. आवाज मोठा यावा म्हणून वहिनींनी मोबाईल स्टीलच्या पातेल्यात ठेवला आणि वर टॉवेल टाकला. सहा गाणी. तिघांनी चिठ्ठीवर नाव लिहायचं. कानसेन सवयीने गादीच्या खुर्चीत बसले. कुणी हरकत घेतली नाही.

पहिलं गाणं सुरू झालं. कानसेनांनी डोळे मिटले आणि टिचकीची वाट पाहिली. टिचकी आली नाही. सॅक्सोफोन वाजत होता, ड्रम वाजत होते, पण सगळं कसं गुळगुळीत. कांब टेकवावी आणि खाली नळच नसावा तसं. त्यांनी डोळे उघडून शांतपणे सांगितलं की यात ड्रमवाला बदललाय, हे गाणं अस्सल नाही. वहिनी म्हणाल्या, भावजी, तुम्ही लिहा हो. त्यांनी लिहिलं. दुसऱ्या गाण्यात ते खरखरीची वाट पाहत बसले, तिसऱ्यात एका अडखळीची. चौथ्या गाण्यापर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पाठ मात्र गारच होती.

वहिनींनी निकाल वाचला. बाई, पाच. चश्मेवाले, तीन. कानसेनांच्या चिठ्ठीशी त्या जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "भावजी, बरं नाही का तुम्हाला?"

शून्य होतं. चश्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. दुसऱ्याची फजिती झाली की त्यांच्या काचा आपोआप मळत. कानसेनांनी बाईंना विचारलं, पहिल्या गाण्यात लोहार कसा ओळखलात?

"तो सूर संपवताना घाई करतो," बाई म्हणाल्या. "पुढचं गिऱ्हाईक दाराशी उभं असल्यासारखा. तुम्ही कशावरून ओळखायचात?"

कानसेन "टिचकी" म्हणणार होते. पण एकतीस वर्षांचं काम एकदम डोक्यात उजेड पाडून गेलं आणि शब्द ओठांवरच राहिला. तबकडी एका मिनिटात तेहतीस वेळा फिरते. म्हणजे एका फेऱ्याला साधारण दोन सेकंद. ज्या टिचकीसाठी जन्म घालवावा लागतो, ती एका ओरखड्याची होती. अकरा वर्षं त्यांनी नीट वाजणारं सगळं कानाआड केलं होतं आणि बिघडलेलं तेवढं ऐकलं होतं.

हरलेल्या माणसाला काहीतरी काम हवं असतं. पेटी बाईंच्या रिक्षात मी नेऊन ठेवतो, असं म्हणून ते वाकले, पेटीला दोन्ही बाजूंनी हात घातला आणि उचलली. पेटी वर आली. तळ खालीच राहिला.

फरशीवर एकेचाळीस काळ्या तबकड्या, आणि त्यांच्याभोवती भिजून लगदा झालेली कव्हरं. लेबलांवरची शाई पार वाहून गेली होती. कोणत्या आकड्याची तबकडी कोणाची ते लिहिलेली कप्तानांची वही पेटीच्या अगदी तळाशी होती. तिची पानं आता पानं राहिली नव्हती. आणि खोलीत एकही सूर वाजत नसताना सगळ्यांना एक बारीक आवाज ऐकू यायला लागला. भिंतीतून. सूं.

चश्मेवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कानसेन," ते म्हणाले, "पत्र्यावर पाऊस पडतोय वाटतं."

कानसेनांनी भिंतीला हात लावला, मग गादीच्या खुर्चीच्या पाठीला. दोन्ही ओली. बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग कानसेनांच्या सदऱ्यावर पाठीमागे पडलेल्या ओल्या डागाकडे. "म्हणजे ती लहर..." एवढं बोलून त्या थांबल्या. वहिनी पाण्याचा मुख्य कॉक बंद करायला गेल्या. जाता जाता तोंडाला पदर लावलेला होता, हसू आवरायला की रडू, ते सांगता येणार नाही.

तबकड्या पुसून वाळत घातल्या, त्यांना काही झालं नव्हतं. पण एकेचाळीस निनावी तबकड्या म्हणजे एकेचाळीस काळी ताटं. शेवटी वहिनींनीच खोकं सोडून प्लेअर बाहेर काढला. चश्मेवाल्यांनी पहिली तबकडी लावली, पिन टेकली. खर्र, टक्, खर्र.

"मावशी," कानसेन हळूच म्हणाले. "पहिली बाजू."

"अहो, अजून ती वाजवायला बसलीसुद्धा नाही," चश्मेवाले म्हणाले.

पण पियानो सुरू झाला आणि बाईंनी मान डोलावली. मावशीच होती. मग तोच रिवाज पडला. पिन टेकायची, गाणं सुरू होण्याआधी कानसेनांनी ओरखड्यावरून नाव सांगायचं, आणि गाणं सुरू झालं की बाईंनी सुरावरून ते खरं की खोटं ते सांगायचं. चश्मेवाल्यांनी बारीक अक्षरात लेबलं लिहिली. दोन रविवार लागले. चाळीस तबकड्या, ऐंशी बाजू. एकदाही दोघांचं दुमत झालं नाही.

एकेचाळिसावी तबकडी टेकली आणि कानसेन गप्प राहिले. खरखर नाही, टिचकी नाही. कप्तानांनी ती कधी वाजवलीच नसावी. खोलीतलं पाणी आता बंद होतं, त्यामुळे पाऊसही नव्हता. कुणीतरी श्वास सोडला, आणि मग ट्रम्पेटचा एकच लांब सूर आला. कानसेन या वेळी लाकडी खुर्चीत होते. पाठीतून काहीही गेलं नाही. तरी ते सूर संपेपर्यंत ऐकत राहिले.

"उसासा," ते म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ मान डोलावली नाही, कारण गाणं अजून संपलं नव्हतं.

पेटी बाईंकडे गेली. नवी पेटी, पत्र्याची. कानसेन दर रविवारी तिथे जातात, लाकडी खुर्चीत बसतात आणि गाणं संपेपर्यंत काही बोलत नाहीत. पडद्याआडच्या खेळात चश्मेवाल्यांच्या खालोखाल त्यांचा नंबर असतो. कपाटाच्या वरच्या कप्प्यात बायकोने जादा पांघरुणं ठेवली आहेत. घरातली नळजोडणी विभागाच्या कार्यकक्षेत येत नाही, त्यामुळे सेवापुस्तिकेतली नोंद आजही निरंकच आहे.

कप्तानांच्या भिंतीतली ती गळती नेमकी कुठे आहे हे नंतर एका प्लंबरने दाखवलं, रंगाला आलेला फुगा बघून. त्या प्लंबरला ऐकू येत नाही.