दिसतंय का, सर?

तांत्रिक मदतीला फोन लावला की आपण आंधळे आहोत हे आधी सांगायचं नाही, हा माझा नियम. सांगितलं की पलीकडचा माणूस एकदम सावकाश आणि मोठ्यानं बोलायला लागतो, जणू कानही गेलेत. मग विचारतो, "घरात कुणी आहे का? त्यांच्याकडे फोन द्या." घरात बायको असते. एरवी मी मुकाट्यानं देतो. त्या सकाळी देणं शक्य नव्हतं. माझे डोळे गेल्यावर तिनं नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यातली नोकरी सोडली होती, आणि इतक्या वर्षांनी लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर तिचा पहिला दिवस होता. घोरावाडी स्टेशनवरची तिची लोकल चुकली असती तर पहिल्याच दिवशी उशीर.

नेमका त्याच सकाळी ऑफिसचा प्रोग्राम अपडेट झालेला. माझा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मला वाचून दाखवणारा आवाज, त्यात शिरला की एवढंच म्हणायचा, "बटण. बटण. बटण." कशाचं बटण, ते त्याचं त्यालाच माहीत.

फोन स्पीकरवर टाकला. मदत केंद्रातली बाई गोड बोलणारी होती. लांबूनच माझ्या लॅपटॉपात शिरली आणि थबकली.

"सर, स्क्रीन काळी येतेय. तुम्हाला दिसतंय का काही?"

"सगळं व्यवस्थित दिसतंय," मी म्हणालो.

"मला तर काहीच दिसत नाहीये."

"होईल. घाबरू नका."

तिनं ब्राइटनेस वाढवायला सांगितला, चार्जर काढून लावायला सांगितला. तिच्याकडे अंधार तो अंधारच. शेवटी म्हणाली, "डिस्प्ले गेलाय, सर. लॅपटॉप जमा करावा लागेल."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. पडदा मीच काळा केला होता. स्क्रीन रीडरमध्ये तशी सोय असते. आपल्याला ऐकू येत राहतं, शेजारच्याला मात्र काही वाचता येत नाही. माझ्या शेजारी असते ती बायको. आता हेही सांगून टाकतो. बँकेचे मेसेज, बिलं, साहेबांच्या मेल ती रोज संध्याकाळी मला वाचून दाखवायची. ते सगळं मी दुपारीच ऐकलेलं असायचं. तरी "असं का? बरं, पुढं?" करत राहायचो. सुरुवातीला खरंच गरज होती. गरज संपली, ते बोललो नाही. ती शेजारी बसून चष्मा पुसायची, वाचता वाचता साहेबांना शिव्या घालायची, ते सोडवत नव्हतं. आपण कामाला गेलो तर ह्यांचं कसं होणार, असं तिला वाटायचं. मी ते वाटू दिलं.

चपला वाजल्या. ती दारातून परत आली होती. तिचं माहेर मावळातलं तिकोणा पेठ गाव, बोलणं अजून तिकडचंच.

"अहो, काय झालं? मी बसू का? जाईन मागच्या गाडीनं."

'बस' हा शब्द अगदी ओठांवर होता. फोनमध्ये म्हणालो, "मॅडम, डिस्प्ले गेलेला नाही. डोळे गेलेत माझे. पडदा मी काळा केलाय, थांबा." आणि कळ दाबली.

"अय्या, आलं!" बाई म्हणाली. लगेच त्यांच्या नियमाप्रमाणे, "सर, तुमचं लाइट बिल भरल्याचं पान उघडं आहे. खाजगी असेल तर बंद करून घ्या."

ते बिल बायको संध्याकाळी येऊन भरणार होती.

"हे तुमी भरलं?"

"हो."

"कदीपास्नं येतंय तुमाला?"

"झाले बरेच दिवस."

"आन मी मेली रोज घसा कोरडा करतीय!"

फोनमधली बाई खाकरली. "सर, तो मागचा आवाज बंद करू का? डिस्टर्ब होतंय."

"कुणाचा, माजा?" बायको कडाडली.

"स्क्रीन रीडरचा म्हणतायत त्या," मी म्हणालो. "आणि नको, मॅडम. तो बंद केलात तर तुम्ही काय करताय ते मला दिसायचं नाही."

मागं दार लागलं. आपटलं की नुसतं लागलं, ठरवता आलं नाही. बाईनं प्रोग्राम जुन्या रूपावर नेला, बटणांना नावं परत आली. "अजून काही मदत, सर?" तिनं विचारलं. होती, पण तिच्या खात्यातली नव्हती.

थोड्या वेळानं मोबाइलवर मेसेज आला. तो यंत्रानं आपल्या सपाट आवाजात वाचला, "गाडी गावली. भाजी फ्रीजमधी हाय, गरम करून खावा. येतच आसंल तुमाला."

राग होता की थट्टा? पुन्हा पुन्हा ऐकलं. यंत्र दर वेळी तेच, तसंच म्हणायचं. तिनं वाचून दाखवला असता तर पहिल्या शब्दालाच कळलं असतं.