कफनाला खिसा नसतो

आमच्याकडे मोक्षधामात चिता पेटली की लोक लगेच घरी जात नाहीत. शेडखालच्या बाकांवर बसतात आणि शोकसभा होते. दोघं-तिघं बोलतात, मग सगळे दोन मिनिटं उभे राहतात, मग चपला शोधतात. नालवाडीत आमच्या ओळखीपाळखीतलं कोणीही गेलं की बोलायला पहिले उठायचे ते सिंदी मेघेतले एक निवृत्त मास्तर. मला त्या माणसाचा मनापासून तिटकारा होता.

भाषण कायम एकच. "माणूस रडत येतो आणि रडवून जातो. कफनाला खिसा नसतो. जीवन म्हणजे प्रवास, कोणाचं स्टेशन आधी येतं, कोणाचं नंतर." मेलेला बदलायचा, वाक्यं नाही. ज्याच्या जिवंतपणीच्या सदऱ्यालाही धड खिसा नव्हता त्याच्यासमोर हेच, आणि ज्याने सख्ख्या भावाचं वावर गिळलं त्याच्यासमोरही हेच. लोक माना डोलवायचे. लोकांचं काय, फुकटचं तत्त्वज्ञान मिळालं की मान आपोआप हलते.

बाबांना तर मास्तर मला व्हायचे त्याहूनही असह्य व्हायचे. शेवटच्या आजारपणात एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, आईबद्दल काही सांगतील. म्हणाले, "माह्या मयतीत त्या मास्तरले बोलू देऊ नको. तो बोलला तं मी उठून बसन." मी शब्द दिला. त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही शेवटची गोष्ट.

पंधरा दिवसांत बाबा गेले. अग्नी देऊन मी शेडखाली आलो, तर मास्तर घसा खाकरून उभे राहिलेच होते. मी पुढे झालो. "गुरुजी, तुम्ही बसा. मीच बोलतो." अग्नी देणारा मुलगा सहसा बोलत नाही, त्यामुळे सगळे चमकून बघायला लागले.

मला सांगायचं होतं की बाबा बाजारात एकेका भेंडीचं टोक मोडून बघायचे आणि भाजीवाली ओरडली की तिलाच विचारायचे, "जून भेंडी तू खाशीन काय व?" सांगायचं होतं की त्यांना उभ्या जन्मात कोणाची माफी मागता आली नाही, पण माझ्यावर विनाकारण ओरडले की दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी पुसून ठेवलेली असायची. समोर पन्नासेक माणसं होती, मागे चिता. भेंडी ओठांपर्यंत आली आणि मला लाज वाटली. बापाच्या चितेसमोर कोणी भेंडीचं बोलतं का?

"माणूस रडत येतो," मी म्हणालो. पुढचं सगळं पाठच होतं. खिशासकट, स्टेशनसकट.

माना डोलल्या. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान बोलला बापू. अगदी मनातलं बोलला."

मी वळून चितेकडे पाहिलं. बाबांनी उठून बसायला हवं होतं.