मानलेली नणंद

मला अजून त्या फोटोचा राग येतो. म्युनिकची प्राइडची मिरवणूक, मागे आमचं ढोल-पथक, आणि पुढे नऊवारीत, सप्तरंगी झेंडा घेऊन मी. ती नऊवारी मला वहिनींनी नेसवली होती. वहिनी म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. काष्टा खोचता खोचता म्हणाल्या, "आजपासून तू माझी नणंद. कुणी काही बोललं तर मला सांग."

तुमचा मुलगा नाही, मुलगी आहे मी, असं आईला सांगितल्यापासून मला घरून फोन येत नाही. त्यामुळे नणंद म्हटल्यावर मी पार विरघळले. तो फोटो मंडळाच्या पानावर आजही सगळ्यात वर आहे. खाली वहिनींनी लिहिलंय, 'आम्हाला हिचा अभिमान आहे.'

मग संक्रांत आली. लहानपणी आईच्या हळदीकुंकवाला मला आतल्या खोलीत पिटाळायचे, मी दाराआडून बघत बसायचे. आता माझी पाळी! काळी साडी घेतली. मंडळाच्या हळदीकुंकवासाठी तिळाचे लाडू वळून हाताला चटके बसले. आणि त्याच दिवशी सकाळी वहिनींचा फोन.

"अगं, पुण्याहून सासूबाई आल्यात. जुन्या वळणाच्या आहेत, त्यांना नाही झेपायचं. ह्या वेळी राहू दे, हं? लाडू न्यायला ह्यांना पाठवते."

आणि मी मूर्ख बाई "बरं" म्हणाले! वर, सासूबाईंना तीळ चावतात ना, हेही विचारलं. म्हाताऱ्या माणसाला आपल्यामुळे कशाला त्रास, अशी स्वतःची समजूत घातली. साडी कपाटात ठेवली आणि रडले.

चार दिवसांनी बेकरीच्या रांगेत उभी होते, तर मागून चक्क मराठी. "झेंडेवाली ना गं तू?"

साडीवर ओव्हरकोट, डोक्याला लोकरी टोपी. वहिनींच्या सासूबाई!

"तुझा फोटो मी आमच्या भिशीत सगळ्यांना दाखवला. लाडू तर काय झाले होते! पण आली का नाहीस? सूनबाई म्हणाली, तिला हळदीकुंकवाचं वावडं आहे, बोलावलं तरी येत नाही. चल बाई घरी, वाण राहिलंय तुझं."

माझे कान तापले. रांग तिथेच सोडली आणि निघाले त्यांच्यासोबत.

दार वहिनींनीच उघडलं. मला बघून चेहरा पांढराफटक पडला. "हिला कुंकू लाव गं," म्हणत सासूबाई वाण आणायला आत गेल्या. वहिनींनी करंडा घेतला.

"चारजणी काय म्हणतील, असं वाटलं गं," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांचं बोट कपाळापर्यंत आलं. हे कुंकू मला किती हवं होतं, ते माझं मलाच ठाऊक. मी मान मागे घेतली.

"ह्या वेळी राहू दे, वहिनी."

जिना उतरताना मात्र रडू आवरेना. कुणी काही बोललं तर मला सांग, म्हणाल्या होत्या. त्या चारजणी तर कधी काही बोलल्याच नाहीत. बोलल्या त्या वहिनी. ते आता कुणाला सांगू?