बांगडा खाल्लेली नुई

आमच्या गल्लीतली ओत्सुने टोफू विकायची. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "आजचं आंबूस लागतंय, उद्या या." खोटं बोलणं तिला जमायचंच नाही. तिचा धंदा कसा चालला, देव जाणे.

एका संध्याकाळी तिची धाकटी पोर नुई डोंगरावरून परतलीच नाही. पोरं पळवणाऱ्या लांबनाक्या डोंगरभुतानं, तेंगूनं उचलली असणार. तसं कुणी बोललं नाही, पण तिला शोधायला सगळ्यांनी ढोल काढले. तेंगूला बांगड्याचा वास सोसत नाही, बांगडा खाल्लेलं पोर तो टाकून देतो. म्हणून आमच्याकडे हरवलेल्या पोराला हाकाही तशाच मारतात.

"बांगडा खाल्लेल्या नुईऽऽ!" ओरडत आम्ही डोंगर चढत होतो. ओत्सुनेच्या तोंडून मात्र शब्द फुटेना.

"ओरड की गं बाई! आईची हाक पोचते," मी म्हटलं.

"काकू, पोरीनं बांगडा कधी चाखलासुद्धा नाही. खोटं बोलले आणि त्याला कळलं तर?"

"नाक लांब असलं म्हणून काय तुझी चूल हुंगायला येतोय?"

अंधारून आलं. वर झाडीत काहीतरी कडाडून मोडलं आणि ढोल थांबले. तेव्हा ओत्सुनेनं डोळे गच्च मिटले आणि ती जीव तोडून ओरडली, "बांगडा खाल्लेल्या नुईऽऽ! पोटभर खाल्लेल्या नुईऽऽ!"

खालच्या घळीतून रडका, चिडका आवाज आला, "आई, खोटं का बोलतेस? मी कधी खाल्ला बांगडा?"

ओत्सुने घळीकडे धावत सुटली. "गप्प बस, कार्टे," दबक्या आवाजात ती म्हणत होती, "तो ऐकेल ना!"